इन्क्युबेटरमधून निघालेली गावरान पिल्ले अशक्त आहेत, ती जगवण्यासाठी काय करावे?

शिवारकर :

नमस्कार. मी अकोले तालुक्यातील एका गावात राहतो आणि घरापुरत्या गावरान कोंबड्या पाळतो. या वेळी एकही कोंबडी खुडूक नसल्यामुळे अंडी लहान इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. उबवणीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची वीज दोनदा गेली आणि ती सकाळपर्यंत आली नाही. त्या वेळी यंत्रावर गोधड्या घालून ऊब टिकवली, तरी आतले तापमान बरेच खाली गेले असणार, कारण एकविसाव्या दिवशी एकाही अंड्याला आतून चोच लागलेली दिसली नाही. बाविसाव्या दिवशी सायंकाळी पिल्लांनी कवच फोडायला सुरुवात केली आणि आज, तेविसाव्या दिवशी, बहुतेक पिल्ले बाहेर आली आहेत.

त्यांतील निम्म्याहून अधिक पिल्ले उभी राहतात, चिवचिवतात, एकमेकांच्या पायांना चोच मारतात. त्यांची चिंता वाटत नाही. उरलेल्यांची अवस्था मात्र निरनिराळी आहे. एका पिल्लाचे दोन्ही पाय बाजूंना फाकले आहेत आणि ते पोटावर सरकत राहते. एकाच्या पायाची बोटे आतल्या बाजूला वळली आहेत. दोन पिल्लांचे पोट मोठे आणि मऊ लागते व त्यांच्या बेंबीच्या जागी ओलसर लाल ठिपका दिसतो. दोन-तीन पिल्ले नुसती पेंगत पडलेली असतात आणि त्यांतील एकाची विष्ठा मागे चिकटून घट्ट झाली आहे. याखेरीज एका अंड्यातील पिल्लाने सकाळी छोटे भोक पाडले, परंतु त्यानंतर त्याची काहीच प्रगती नाही. आतून आवाज येतो.

सर्व पिल्ले सध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरून ठेवली आहेत आणि वर नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आहे. शेजारचे गृहस्थ म्हणतात की पाण्यात ताबडतोब अँटिबायोटिक टाका, नाहीतर चांगली पिल्लेही जातील. घरातील वडीलधाऱ्यांचे मत असे की अशक्त पिल्लू जगत नसते, त्याच्यामागे लागू नये. मला ती अशी सोडून देणे पटत नाही. आधी काय करावे, नंतर काय करावे आणि कोणत्या पिल्लाच्या बाबतीत आशा ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ :

शिवारकर, बाकीचा प्रतिसाद वाचण्याआधी तो एलईडी दिवा काढून जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब लावा. एलईडी दिव्याचा उजेड पडतो, पण पिल्लाला हवी ती ऊब त्यातून मिळत नाही. साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब तालुक्याच्या ठिकाणी विजेच्या जुन्या दुकानात अजून मिळतो. तो न मिळाल्यास पोल्ट्रीचे साहित्य विकणाऱ्याकडे तापवणीचा इन्फ्रारेड दिवा मिळेल. आज रात्रीपुरते काहीच हाती लागले नाही, तर काचेच्या किंवा स्टीलच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, त्यांवर जुन्या सुती कापडाचे दोन-तीन वेढे देऊन त्या खोक्यात ठेवा आणि पाणी निवले की बदला.

मी ऊब एवढी धरून बसलो आहे, याला कारण आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. अंगावर खरी पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते चार आठवडे, ते बाहेरच्या उबेवरच जगते. तुमच्याकडे पहाटेची थंडी आहे, आणि जी पिल्ले तुम्हाला पेंगताना दिसतात त्यांतील काही आजारी नसून केवळ गारठलेली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांना हातात घेऊन पाहा. पाय आणि चोच गार लागत असेल, तर औषध-पाणी काहीही न देता आधी त्यांना उबेत ठेवा. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी घातले, तर ते गिळत नाही, श्वासनलिकेत जाते, आणि वाचू शकणारे पिल्लू आपल्या हातून दगावते.

बल्ब खोक्याच्या मधोमध न टांगता एका बाजूला, पिल्लांपासून सुमारे एक ते दीड फूट उंचीवर टांगा, म्हणजे ज्याला गरम होईल ते दुसऱ्या बाजूला सरकू शकेल. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन इंचांवर, पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, अर्थात ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे. पुढे दर आठवड्याला ते पाच अंश फॅरनहाइटने उतरवत न्यावे. तापमापक असला तर उत्तमच, पण पिल्ले स्वतःही सांगतात. सगळी दिव्याखाली एकमेकांवर चढून मोठ्याने ओरडत असतील, तर ऊब कमी पडते आहे. पंख पसरून, चोच उघडी ठेवून दिव्यापासून दूर पळत असतील, तर ती जास्त झाली आहे. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली असतील, तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक येते आहे. खोक्यात सर्वत्र पसरून शांतपणे चोचा मारणारी, मधूनच लवंडून झोपणारी पिल्ले दिसली की ऊब बरोबर आहे असे समजावे. हे संध्याकाळी पाहून भागत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठून एकदा जरूर पाहा, कारण तुमच्या भागात खरी परीक्षा त्या वेळेला असते. खोक्याच्या तिन्ही बाजूंना गोणपाट लावा, वरची बाजू पूर्ण झाकू नका. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका, तारेने किंवा साखळीने पक्का बांधा. पुठ्ठा आणि तूस यांवर बल्ब पडून आग लागल्याच्या घटना घडतात.

दुसरी गोष्ट वर्तमानपत्राची. मोठ्या शेडमध्ये पहिले काही दिवस तुसावर कागद अंथरतात हे खरे आहे, पण ज्या पिल्लाचे पाय आधीच घसरत आहेत त्याला गुळगुळीत कागद घातक ठरतो, आणि चांगल्या पिल्लांचेही पाय त्याने फाकू शकतात. त्याऐवजी धुतलेले गोणपाट किंवा जुने जाड सुती कापड अंथरा. त्याचे दोरे सुटलेले नसावेत, कारण ते बोटांत अडकतात.

अंगात ऊब आल्यावर पिल्लाला कोमट पाणी दाखवायचे. एक पेलाभर पाण्यात अर्धा चमचा गूळ विरघळवून ते उथळ ताटलीत ठेवा आणि ताटलीत स्वच्छ खडे टाका, म्हणजे पिल्लू त्यात पडून भिजणार नाही. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा हळूच पाण्याला लावा. नाकपुड्या बुडू देऊ नका. एकदा चव कळली की ते पुढचे स्वतः करते. जे फारच मलूल आहे, त्याच्या चोचीच्या कडेला बोटाने एक थेंब लावा, त्याला गिळू द्या आणि मगच दुसरा थेंब लावा. सिरिंजने पिचकारी मारू नका. खाण्याची घाई करू नये. अंड्यातला बलक बाहेर येण्याच्या आधी पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन दिवस निभावते. उद्या मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची बारीक कणी पसरट पुठ्ठ्यावर टाका आणि त्यानंतर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, सुरू करा.

अंगणवेल :

दादा, कृष्णाकाठ यांनी उबेचे सांगितले ते सगळ्यांत आधी करा. मी कणकवलीकडची आहे, आमच्याकडे थंडी तुमच्याएवढी नसते, तरीही श्रावणातल्या ओल्या हवेत पिल्ले अशीच गारठतात. मी पाय आणि मागची चिकटलेली विष्ठा, या दोन गोष्टींबद्दल लिहिते, कारण या दोन्ही हाताने बऱ्या करता येतात आणि त्यांत उशीर झाला तर पिल्लू हकनाक जाते.

फाकलेल्या पायांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच आधार द्यावा लागतो, कारण या वयात हाडे आणि सांधे कोवळे असतात आणि लवकर जागेवर येतात. जखमेला लावायची चिकटपट्टी घ्या, जिच्या मधोमध कापसाची गादी असते ती. तिचे लांबीच्या दिशेने कात्रीने दोन भाग करा, म्हणजे पट्टी अरुंद होईल. गादीचा भाग दोन पायांच्या मध्ये राहील अशा रीतीने एक टोक एका पायाला, दुसरे टोक दुसऱ्या पायाला, बोटांच्या वर आणि गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खाली गुंडाळा. दोन पायांमधले अंतर निरोगी पिल्लू उभे असताना असते तेवढेच ठेवायचे, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. फार जवळ बांधले तर ते तोंडावर पडते आणि फार लांब ठेवले तर पट्टीचा उपयोग होत नाही. गुंडाळलेली पट्टी घट्ट नको. बोटे निळसर किंवा सुजलेली दिसली तर ती लगेच सैल करा. बांधल्यावर पिल्लू प्रथम धडपडते, मागे कोलमडते, ओरडते. त्या वेळी त्याला खडबडीत कापडावर ठेवून दोन्ही तळव्यांचा आधार द्या आणि दिवसातून चार-सहा वेळा असे थोडा थोडा वेळ उभे करा. रोज पट्टी तपासा. बहुतेक पिल्ले दोन ते चार दिवसांत सरळ उभी राहतात. पट्टी काढताना तिच्यावर कोमट खोबरेल तेल चोळा आणि ती मऊ पडल्यावर सोडवा, नाहीतर कोवळी कातडी सोलते.

हे उपाय घसरणाऱ्या पायांसाठी आहेत. मधला सांधा सुजलेला असेल, एकच पाय वाकडा होऊन बाजूला गेला असेल आणि सांध्यामागची शीर जागेवरून सरकलेली हाताला लागत असेल, तर तो प्रकार वेगळा आहे आणि तिथे चिकटपट्टीने गुण येत नाही.

आत वळलेल्या बोटांसाठी पोस्टकार्डाच्या जाडीच्या पुठ्ठ्याचा, पायाच्या तळव्याएवढा तुकडा कापा, बोटे त्यावर एकेक करून पसरवा आणि वरून चिकटपट्टीने बसवा. एक-दोन दिवस असे ठेवले की बोटे उघडतात. त्याच्या जोडीला कोंबड्यांसाठी मिळणारे बी-कॉम्प्लेक्सचे द्रावण पाण्यातून द्या. त्याचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते.

आता चिकटलेली विष्ठा. कोरडी असताना ती कधीही ओढू नका. तिच्याबरोबर पिसे आणि कातडी निघते, कधी आतडेही बाहेर येते. कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून तिथे धरून ठेवा, एक-दोन मिनिटे थांबा, पुन्हा कोमट पाण्यात भिजवा, आणि ती लगदा झाली की आपोआप निघू द्या. नंतर तो भाग मऊ कापडाने टिपून, बल्बखाली पूर्ण सुकवून, खोबरेल तेलाचे बोट लावा, म्हणजे पुन्हा सहजी चिकटत नाही. ओले पिल्लू तसेच खोक्यात सोडले तर ते गारठते आणि केलेली मेहनत वाया जाते. एक काळजी घ्या : बेंबी पोटावर असते आणि गुदद्वार शेपटीखाली असते. बेंबीवरची सुकलेली काळी खपली विष्ठा समजून काढायला जाऊ नका, त्यातून रक्तस्राव होतो.

अशक्त पिल्लांना वेगळे ठेवा, पण एकटे ठेवू नका. एकटे पडलेले पिल्लू ओरडून ओरडून थकते. त्याच खोक्यात मध्ये जाळी लावून ती पलीकडे ठेवली, तर बाकीच्यांचा आवाज आणि हालचाल त्यांना कळते आणि कुणी त्यांना तुडवतही नाही. मोठी पिल्ले डोळ्यांवर आणि बोटांवर चोच मारतात, तेही टळते. पुढे तुमच्याकडे एखादी कोंबडी खुडूक बसली, तर तिच्या पोटाखाली रात्री अंधारात पिल्ले सरकवता येतात. मात्र त्यासाठी पिल्ले अगदी लहान आणि चांगली सुदृढ हवीत, कारण कोंबडी चरायला निघाली की मागे राहणाऱ्या पिल्लासाठी ती थांबत नाही.

शिवारकर :

आपणा दोघांचे मनापासून आभार. रात्रीच शंभर वॅटचा बल्ब मिळवून लावला आणि गोणपाट अंथरले. पेंगणाऱ्यांपैकी दोन पिल्ले सकाळपर्यंत उठून बाकीच्यांबरोबर चोचा मारू लागली, म्हणजे ती खरोखरच गारठलेली होती. फाकलेल्या पायांच्या पिल्लाला ताईंनी सांगितल्याप्रमाणे पट्टी बांधली आहे. ते अजून पडते, पण पाय शरीराखाली घेऊ लागले आहे. बोटे वळलेल्या पिल्लालाही पुठ्ठा बांधला.

मोठ्या पोटाची दोन्ही पिल्ले तशीच आहेत, आणि त्यांतील एकाच्या बेंबीला वास येतो. भोक पाडून थांबलेल्या अंड्याला आता चोवीस तास होत आले. आतला पांढरा पापुद्रा पिवळसर आणि कोरडा पडलेला दिसतो. ते फोडून पिल्लू बाहेर काढावे का? आणि अँटिबायोटिकचे काय करावे?

पशुसेवा_निवृत्त :

नमस्कार. पशुसंवर्धन खात्यात बरीच वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. वरील दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत. मी आपल्या शेवटच्या प्रश्नांपासून सुरुवात करतो, कारण त्यांतील एक तातडीचा आहे.

पहिले भोक पाडल्यापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत चोवीस तासांपर्यंतचा अवधी स्वाभाविक आहे. या वेळात ते फुफ्फुसांनी श्वास घ्यायला लागते, कवचाच्या आतल्या पापुद्र्यातील रक्तवाहिन्यांतले रक्त शरीरात परत जाते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. आपण घाई केली तर हे काम अर्धवट राहते आणि रक्तस्राव होतो. परंतु आपल्या अंड्यातील पापुद्रा पिवळसर व कोरडा झाला आहे, म्हणजे आतली दमट हवा कमी पडून तो पिल्लाला आवळतो आहे. झाकण वारंवार उघडले की असे होते. आता मदत करणे योग्य ठरेल, पण ती टप्प्याटप्प्याने करावी. कापूस कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि दिसणारा पापुद्रा ओलसर करा; चोचीत व नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका. मग भोकाच्या कडेने, अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीच्या बाजूचे कवचाचे छोटे छोटे तुकडे चिमट्याने काढा. पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला, तर तेथेच थांबा, अंडे परत यंत्रात ठेवा आणि काही तासांनी पुन्हा पाहा. रक्त नसेल, तर डोके आणि एक पंख मोकळा होईल इतकेच कवच काढा आणि उरलेल्या अर्ध्या कवचातून त्याला स्वतः पाय मारून बाहेर येऊ द्या.

मोठ्या, मऊ पोटाच्या पिल्लांबद्दल मात्र मला स्पष्टच लिहिले पाहिजे. ज्याच्या बेंबीला वास येतो, त्याच्या पोटातील बलकात जंतुसंसर्ग झाला आहे. बहुधा हे काम ई-कोलाय जातीच्या जिवाणूंचे असते. ते न भरलेल्या बेंबीतून किंवा घाणेरड्या कवचातून आत शिरतात. अशी बहुतेक पिल्ले पहिल्या काही दिवसांतच दगावतात आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. ते पिल्लू आजच इतरांपासून पूर्ण वेगळे करा, त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या खालचे कापड जाळून टाका, आणि त्याला फार त्रास होत असेल तर जवळच्या पशुवैद्याकडून त्याचा शेवट वेदनारहित करून घ्या. दुसऱ्या पिल्लाची बेंबी नुसती उघडी व ओलसर आहे, वास नाही. तिथे आशा आहे. पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा एक थेंब कापसाने बेंबीवर टेकवा, ते पिल्लू स्वच्छ कोरड्या कापडावर उबेत वेगळे ठेवा, आणि बेंबी कोरडी होईपर्यंत तुसावर सोडू नका. त्याची ऊब जराही कमी पडू देऊ नका, कारण उबेशिवाय पोटातला बलक शोषला जात नाही आणि न शोषलेला बलकच जंतूंचे खाद्य बनतो.

आता अँटिबायोटिक. आपल्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला आहे, परंतु सरसकट सर्व पिल्लांच्या पाण्यात औषध टाकण्याचा सल्ला मी देणार नाही. गारठा, फाकलेले पाय आणि वळलेली बोटे यांवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. जे पिल्लू खरोखर आजारी असते ते पाणीच पीत नाही, त्यामुळे औषध निरोगी पिल्लांच्या पोटात जाते आणि त्यांच्या आतड्यांत नुकतेच वसू लागलेले उपयुक्त जिवाणू मारते. माणसांच्या कॅप्सूल फोडून अंदाजाने टाकणे तर पूर्णपणे चुकीचे आहे. खेडोपाडी दुकानांत पूर्वी कोलिस्टिन असलेल्या पुड्या सर्रास दिल्या जात. माणसांच्या गंभीर संसर्गावरचे ते शेवटच्या फळीतील औषध असल्यामुळे, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याचा वापर करण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. जुनी पुडी कोणी दिलीच, तर ती वापरू नये.

औषधाची खरी गरज कधी असते, तेही सांगतो. पिल्लांना खडूसारखी पांढरी पातळ हगवण लागून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकामागून एक मरतूक होत राहिली, तर पुलोरमची शंका घ्यावी. तो साल्मोनेला वर्गातील जिवाणूंचा रोग आहे आणि वरून निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या अंड्यातून तो पिल्लांत येतो. अशा वेळी नुकतेच मेलेले पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बर्फाच्या सान्निध्यात परंतु गोठू न देता, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथून नमुना पुण्यात औंध येथील पशुसंवर्धन विभागाच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. जंतू कोणता आणि त्यावर कोणते औषध लागू पडते हे कळल्यावर दिलेला उपचारच उपयोगी पडतो. पिल्ले मान लांबवून, चोच उघडून धापा टाकू लागली, तर तुसाला बुरशी आली आहे का ते पाहा. भिजून वाळलेल्या तुसातली बुरशी फुफ्फुसात जाऊन पिल्ले मरतात, आणि त्यावर तूस बदलण्यावाचून दुसरा इलाज नाही.

गुळाच्या पाण्याबद्दल एक छोटी पुस्ती जोडतो. पहिले काही तास ते उत्तम आहे. नंतर साधे स्वच्छ पाणी द्यावे, कारण गोड पाणी दिवसभर ठेवले तर ते आंबते, हगवण लागते आणि मागे विष्ठा चिकटण्याचा त्रास वाढतो. दूध अजिबात देऊ नये, पक्ष्यांना ते पचत नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कुस्करून दिल्यास मलूल पिल्लू खाते, पण उरलेला भाग तासाभरात उचलून टाकावा.

पिल्ले उशिरा निघणे, पोटे मोठी व मऊ असणे आणि बेंबी नीट न मिटणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र पाहिली तर उबवणीत तापमान कमी पडले आणि वरखाली झाले, असाच निष्कर्ष निघतो. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहायला हवे. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर टक्के असावी. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत दुसरा तापमापक ठेवून ताडून पाहा. वीज जाते अशा ठिकाणी बॅटरीवर चालणारे यंत्र घ्यावे किंवा इन्व्हर्टरची सोय करावी.

मात्र वळलेली बोटे विजेमुळे झालेली नाहीत. त्यामागे बहुधा कोंबडीच्या आहारातील रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. नुसत्या ज्वारी-बाजरी-तांदळावर राहणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात ते पुरेसे उतरत नाही. अंडी गोळा करण्याआधी काही आठवडे कोंबड्यांना लसूणघास, शेवग्याचा पाला आणि शक्य असल्यास तयार लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य, द्यावे. अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत, ती निमुळते टोक खाली करून ठेवावीत. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असावा आणि तो घरच्याच पिढीतला न ठेवता बाहेरून आणून बदलत राहावा. वर्षानुवर्षे एकाच रक्ताच्या कोंबड्या वाढवल्या, तर अशी पिल्ले दर खेपेला थोडी-थोडी निघत राहतात.

शिवारकर :

साहेब, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल ऋणी आहे. अंड्यातले पिल्लू आपण सांगितल्याप्रमाणे अर्धे मोकळे केले. रक्त आले नाही आणि काही तासांत ते स्वतः बाहेर आले. अजून ओले आहे, यंत्रातच ठेवले आहे. वास येणारे पिल्लू पशुवैद्यांकडे न्यायच्या आधीच गेले. दुसऱ्याची बेंबी सुकू लागली आहे. घरातल्यांनीही आता रात्री आळीपाळीने उठून बल्ब पाहायला सुरुवात केली आहे.

शेवटचे एकच विचारतो. पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा लस द्यायची असते असे ऐकले आहे. ती या अशक्त पिल्लांनाही त्याच दिवशी द्यावी का? आणि त्यांना मोठ्या गटात केव्हा सोडावे?

पशुसेवा_निवृत्त :

लासोटा ही राणीखेत म्हणजे मानमोडी रोगाची जिवंत लस आहे आणि ती शरीराने पेलली तरच प्रतिकारशक्ती तयार होते. त्यामुळे जे पिल्लू खात नाही, ज्याची बेंबी भरलेली नाही किंवा जे अजून पेंगते, त्याला त्या दिवशी लस देऊ नका. निरोगी पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसांत डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब द्या. लस दिलेल्या पिल्लांच्या विष्ठेतून आणि श्वासातून लसीचा विषाणू बाहेर पडतो, म्हणून अशक्त पिल्लांचे खोके तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत ठेवलेले बरे. जाळीची तात्पुरती सोय तोपर्यंत बंद करावी. ती पिल्ले सलग तीन-चार दिवस स्वतः खाऊ-पिऊ लागली, पाठीवर हात फिरवल्यावर अंग भरलेले लागले, आणि रात्री झोपताना त्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी भरलेली हाताला लागली, की मग त्यांना लस द्या आणि त्यानंतर आठवड्याने मोठ्या गटात सोडा. सोडताना एकेक करून सोडू नका, सगळी एकत्र आणि संध्याकाळी सोडा, म्हणजे रात्रभर शेजारी झोपून सकाळी मारामारी कमी होते. पायाला पट्टी असलेल्याला ती काढून चालायची सवय होईपर्यंत वेगळेच ठेवावे. गंबोरो या पिल्लांच्या विषाणूजन्य रोगाची लस साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी आणि लासोटाची दुसरी मात्रा चौथ्या आठवड्यात असते. अशक्त गटाचे वेळापत्रक जेवढे दिवस मागे पडले, तेवढे ते पुढे सरकवून तालुक्याच्या पशुवैद्यांकडून लिहून घ्या.

लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, आणि द्रावण मिसळल्यावर ती बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. आपली पिल्ले थोडी आहेत, तेव्हा गावात ज्यांच्याकडे त्याच वयाची पिल्ले आहेत त्यांच्याशी बोलून एकच दिवस ठरवा, कुपी दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणा आणि लस ऊन चढण्याआधी देऊन टाका.